उलटं कोरलेलं नाव

आमच्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं फडताळात जायचं नाही. भांड्यांच्या दुकानात एक पोरगा हातात छोटं यंत्र धरून बसलेला असायचा. दातांच्या डॉक्टरकडे येतो तसा आवाज यायचा आणि स्टीलवर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटत जायची. अक्षराला पैसे, म्हणून आजी आद्याक्षरं आणि आडनाव यांवर भागवायची. आजोबांचा पाणी प्यायचा पेला तेवढा पूर्ण नावाचा. छापखान्यातून ते निवृत्त झाले तेव्हा बरोबरच्यांनी वर्गणी काढून दिलेला. पण कोरणाऱ्या पोराने पेला धरला उलटा. त्यामुळे पाणी भरून समोर ठेवला की नाव डोक्यावर उभं, आणि घासून पालथा घातला की सुलट. आजी वैतागली, आत्ताच्या आत्ता बदलून आणा म्हणाली. आजोबा कंपोझिटर होते. पस्तीस वर्षं छपाईचे शिशाचे अक्षर-खिळे उलटे वाचण्यात गेलेली. ते पेल्याकडे बघून म्हणाले, "मला तर नीट दिसतंय."

हा पेला मी पार विसरलो होतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये एका बातमीतला फोटो पाहिला आणि तो आठवला. फोटोत चांदीचे पेले ओळीने मांडले होते. एकूण ऐंशी, त्यांतले चार सोडून बाकी सगळे पालथे. प्रत्येकावर एकच नाव दोनदा कोरलेलं, एकदा सुलट आणि एकदा उलट. इथे कोणा पोराची चूक नव्हती. माणूस गेला की त्याचा पेला पालथा घालायचा आणि तेव्हाही त्याचं नाव वाचता यायला हवं, असा तो हिशेब होता.

एका युद्धमोहिमेवर गेलेल्या ऐंशी जणांपैकी तेव्हा चारच उरले होते. फोटोत त्यांतले तीन म्हातारे होते. चौथ्याची तब्येत बरी नसल्याने तो आला नव्हता. त्या तिघांतला सगळ्यात मोठा, ९८ वर्षांचा, हातात कोन्याकची, म्हणजे फ्रेंच ब्रँडीची, बाटली घेतलेला, म्हणजे रिचर्ड कोल. सगळे त्याला डिक म्हणायचे. त्या दिवसापासून मी या माणसाच्या मागे लागलो. युद्धाच्या गोष्टी मला फारशा सोसत नाहीत हे आधीच सांगून ठेवतो. मला कुतूहल होतं ते वेगळंच. हा माणूस जगभर ओळखला गेला तो एका उड्डाणामुळे. ते उड्डाण तेरा तासांचं होतं. आणि त्यानंतर तो सत्त्याहत्तर वर्षं जगला. तेवढ्या वर्षांचं त्याने काय केलं?

पण आधी ते तेरा तास सांगायला हवेत.

डिक कोल ७ सप्टेंबर १९१५ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन गावी जन्मला. डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव. तिथल्या पोराला विमानाचं वेड लागलं नाही तरच नवल. गावात मॅककुक फील्ड नावाचा लष्करी विमानतळ होता आणि नव्या विमानांच्या चाचण्या तिथे चालायच्या. कोल सायकल हाणत जायचा आणि नदीच्या बांधावर बसून विमानं बघायचा. ती उडवणाऱ्यांत जिमी डूलिटल नावाचा बुटका, बेडर वैमानिक होता आणि कोलला त्याचं भारी आकर्षण होतं. आपल्याकडे पोरं मैदानाच्या कडेला बसून एखाद्या बॅट्समनकडे बघत राहतात, तसंच. फरक इतकाच, की हा पोरगा पुढे सव्वीसाव्या वर्षी त्याच डूलिटलच्या शेजारी, उजवीकडच्या खुर्चीत बसला.

तेही योगायोगाने. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर तळावर हल्ला केला. अमेरिकेला टोकियोपर्यंत पोचून दाखवायचं होतं, पण तेवढ्या जवळ तळ नव्हता. मग कल्पना निघाली की जमिनीवरून उडणारी बी-२५ जातीची बॉम्बर विमानं जहाजावरून उडवायची. उडतील, पण परत जहाजावर उतरू शकणार नाहीत. म्हणून बॉम्ब टाकून सरळ पुढे चीनमध्ये जायचं. फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर आखूड धावपट्टीवरून उडण्याचा सराव सुरू झाला. कुठे जायचंय हे कोणाला सांगितलं नव्हतं, स्वेच्छेने येणाऱ्यांनाच घेतलं होतं. विमानांच्या शेपटीला खऱ्या तोफा नव्हत्या, त्यांच्या जागी काळे रंगवलेले झाडूचे दांडे लावले होते. हे वाचून मला हसू आलं. शेतात बुजगावणं उभं करतात त्याच जातीची युक्ती, फक्त पाखरांच्या जागी शत्रूची लढाऊ विमानं. सराव चालू असताना कोलच्या विमानाचा नेमलेला वैमानिक आजारी पडला आणि त्याच्या जागी खुद्द लेफ्टनंट कर्नल डूलिटल येऊन बसला.

२ एप्रिल १९४२ रोजी हॉर्नेट हे विमानवाहू जहाज सोळा विमानं आणि ऐंशी उड्डाणवीर घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातून निघालं. १८ एप्रिलच्या सकाळी एका जपानी टेहळणी बोटीने त्यांना पाहिलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. ठरल्यापेक्षा कितीतरी लांबून, जपानच्या किनाऱ्यापासून सुमारे बाराशे किलोमीटरवरून उडायचा हुकूम सुटला. चीनपर्यंत इंधन पुरणार नाही हे प्रत्येकाला तेव्हाच कळून चुकलं होतं.

पहिलं विमान डूलिटल आणि कोल यांचं. पहिलं, म्हणजे मागे पंधरा विमानं दाटीवाटीने उभी, आणि पुढे धावायला उरलेली जागा सगळ्यात कमी, जेमतेम १४२ मीटर. बारा डब्यांच्या लोकलच्या निम्म्याहून किंचित जास्त. समुद्र खवळलेला होता. जहाजाचं नाक लाटेबरोबर वर येईल त्या क्षणी विमान टोकाशी पोचलं पाहिजे, असा अंदाज घेऊन डेकवरचा माणूस निशाण खाली करायचा. सकाळी ८ वाजून २० मिनिटांनी ते हवेत गेले.

आणि मग काय? मग तासन् तास पाणीच पाणी. विमान अगदी खालून, लाटांवरून चाललेलं. इथली एक गोष्ट कोलने पुढे बऱ्याचदा सांगितली आणि मला ती टोकियोपेक्षाही जास्त आवडते. त्याच्या डोक्यात आगगाडीवरचं एक जुनं गाणं घोळत होतं. तो नकळत पाय आपटत मोठ्याने ते म्हणायला लागला. शेजारी डूलिटलने मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं, की कोलला कळलं, साहेबांना वाटतंय याचं डोकं फिरलं. लहानपणीचा देव शेजारी बसलाय, खाली समुद्र, पुढे शत्रूची राजधानी, टाकीत पुरेसं इंधन नाही, आणि आपण गातोय.

दुपारच्या सुमाराला त्यांनी टोकियोवर आगलावे बॉम्ब टाकले आणि ते नैर्ऋत्येला वळले. या हल्ल्यात जपानमध्ये सुमारे ५० माणसं मेली. त्यांत साधे नागरिक होते, शाळकरी मूलही होतं. लष्करीदृष्ट्या नुकसान फार झालं नाही. पण जपानची राजधानी सुरक्षित नाही, एवढं मात्र जगाला दिसलं.

चीनच्या वाटेवर नशिबाने मागून वारा मिळाला, नाहीतर सगळे समुद्रातच गेले असते. चीनच्या किनाऱ्यावर पोचेपर्यंत रात्र झाली होती. पाऊस, धुकं, खाली डोंगर. विमानतळावरून जो रेडिओ संदेश यायला हवा होता तो आलाच नाही. इंधन संपत आलं आणि तेरा तासांनी पाचही जणांनी काळोखात उड्या टाकल्या. कोलने आधी कधीच पॅराशूटने उडी मारलेली नव्हती. त्याने ती दोरी इतक्या जोरात ओढली की स्वतःचाच हात तोंडावर बसून डोळा काळानिळा झाला. टोकियोवर जाऊन आलेल्या वीराला त्या मोहिमेत झालेली इजा ती हीच. पॅराशूट डोंगरावरच्या एका पाइनच्या झाडात अडकलं. खाली किती खोल आहे ते दिसेना. त्याने शहाण्यासारखं पॅराशूटचीच झोळी बांधली आणि उजाडेपर्यंत त्यात पडून राहिला. सकाळी खाली उतरला, दिवसभर चालला आणि एका चिनी सैनिकी चौकीत पोचला. तिकडे डूलिटल भाताच्या खाचरात पडला होता, तेही खत घातलेल्या.

दुसऱ्या दिवशी विमानाचे अवशेष सापडले. डूलिटल तिथे बसला होता, खचून. सोळाच्या सोळा विमानं गेली, आता आपलं कोर्ट मार्शल होणार, असं त्याला वाटत होतं. पॉल लिओनार्ड हा त्यांच्या विमानाचा मेकॅनिक आणि तोफची. तो म्हणाला, तसं काही होणार नाही, तुम्हाला जनरल करतील आणि सर्वोच्च पदक देतील. दोन्ही खरं झालं. लिओनार्ड मात्र जानेवारी १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेत एका हवाई हल्ल्यात गेला. पेल्यांच्या त्या कपाटात त्याचा पेला कधी सरळ ठेवलाच गेला नसेल.

ऐंशीपैकी तिघे त्याच रात्री मेले. आठ जण जपान्यांच्या हाती लागले, त्यांतल्या तिघांना गोळ्या घातल्या, एक कैदेत खंगून मेला. एक विमान रशियात उतरलं आणि त्यातल्या पाच जणांना वर्षभर अडकून पडावं लागलं. बाकीच्यांना चिनी खेड्यांतल्या माणसांनी लपवलं, खाऊ घातलं, होडीतून, पालखीतून, पायी पुढे पोचवलं.

त्या माणसांचं पुढे काय झालं हे या गोष्टीत नेहमी शेवटी, एका ओळीत येतं. जपानी सैन्याने झेजियांग आणि जियांगशी प्रांतांत सूड उगवायला मोहीम काढली. गावंच्या गावं जाळली, विहिरींत विष आणि रोगजंतू टाकले. किती मेले याचा आकडा अडीच लाखांपर्यंत सांगितला जातो. अडीच लाख. एखाद्या वैमानिकाला भाताची वाटी पुढे केली, त्याबद्दल. त्यांच्या नावाचे पेले कोणी करायचे, आणि कुठल्या कपाटात मावले असते ते? मी कोलला यात आरोपी करत नाही. सव्वीस वर्षांचा पोरगा, झाडावर लटकलेला, त्याला कोणी विचारून ही मोहीम आखली नव्हती. पण चांदीच्या पेल्यांच्या फोटोकडे बघताना ही अडीच लाख नावं डोळ्यांपुढून हलत नाहीत, ती तशीच राहू देत.

इथून पुढे कोलची गोष्ट आपल्या अंगणात येते. मोहिमेतले बरेच जण मायदेशी परतले. कोल मागे राहिला, आसामात. ब्रह्मदेश जपानने घेतला होता, चीनला जाणारा रस्ता तुटला होता, म्हणून आसामातल्या चहाच्या मळ्यांलगतच्या धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून मालवाहू विमानं चीनमध्ये जायची. वैमानिक त्या वाटेला 'हंप' म्हणायचे, म्हणजे उंटाची मदार. युद्ध संपेपर्यंत या वाटेवर सहाशेच्या आसपास विमानं पडली. उन्हात खालच्या दरीतले पत्रे चमकायचे आणि त्यावरून रस्ता कळायचा, असं वैमानिक म्हणत. कोल जून १९४३ पर्यंत ही वाट तुडवत होता. ना बॉम्ब, ना बातमी. पेट्रोलची पिंपं, सुटे भाग, दारूगोळा. आपल्याकडे घाटात ट्रक चालवणाऱ्यांना जी इज्जत मिळते तेवढीच याला मिळाली असणार, म्हणजे जवळपास नाहीच.

मग तो घरी गेला, ऑक्टोबर १९४३ मध्ये लग्न केलं, आणि नव्या नवरीला मागे ठेवून परत आपल्याकडेच आला. या वेळी पहिल्या एअर कमांडो तुकडीत. सिलचरजवळच्या लालाघाटच्या गवताळ धावपट्टीवरून ५ मार्च १९४४ च्या चांदण्या रात्री विमानं निघाली. प्रत्येक विमानाच्या मागे नायलॉनच्या दोरांनी बांधलेली दोन ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेली विमानं. ग्लायडरमध्ये ब्रिटिश जनरल विंगेटचे चिंडिट सैनिक. त्यांना ब्रह्मदेशच्या जंगलात शत्रूच्या पाठीमागे सोडायचं होतं. बरेच दोर तुटले, बरीच ग्लायडर वाटेतच पडली, तरी उजाडेपर्यंत जंगलात धावपट्टी करायचं काम सुरू झालं होतं. पुढे विमानांतून खेचरंसुद्धा नेली गेली. कोल या मोहिमेतला एक वैमानिक. टोकियोच्या मोहिमेपेक्षा या कामाला जास्त मोल द्यावं असं माझं मत आहे, पण त्याला विचारतो कोण? लालाघाटचं नाव आपल्यालाच माहीत नाही, तिथे अमेरिकेतल्यांना काय असणार.

आता उरलेली वर्षं. सगळ्यात लांब हीच आणि सांगायला सगळ्यात थोडं इथेच.

कोल हवाई दलात राहिला. मध्ये काही वर्षं व्हेनेझुएलाच्या हवाई दलाचा सल्लागार होता. नवरा-बायको, पाच मुलं, दर काही वर्षांनी बदली. सैन्यातल्या घरांना ठाऊक असतं ते सगळं आलंच, नवी शाळा, खोक्यांत भरलेला संसार, भिंतीला खिळे ठोकायच्या आत परत निघायची वेळ. १९६६ च्या अखेरीस लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाला आणि दोघा नवरा-बायकोंनी टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, संत्र्या-मोसंबीच्या जातीच्या फळांची बाग घेतली. नागपूर-अमरावतीकडच्या वाचकांना ही शेती म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पाणी, पाऊस, फळगळ, भाव. पॅराशूटची दोरी एकदाच ओढायची असते, बागेला रोज पाणी द्यावं लागतं. नंतर तो टेक्सासमध्येच डोंगराळ भागातल्या एका छोट्या गावी राहायला गेला. गावाचं नाव कम्फर्ट, म्हणजे आराम. हे मी बनवून सांगत नाही. २००३ मध्ये पत्नी गेली. त्यानंतर त्याने अजून सोळा वर्षं काढली.

त्या वर्षांत जगाने त्याला शोधून काढलं, कारण इतर जण एकेक करून कमी होत होते. विमानांच्या जत्रांत तो सह्या करत बसायचा आणि मिळालेला पैसा डूलिटलच्या नावाच्या शिष्यवृत्तीला जायचा. नव्वदी उलटल्यावरही जुन्या बी-२५ मध्ये बसून त्याने सुकाणू हातात घेतलं. वीर म्हटलं की नाही म्हणायचा, नेमून दिलेलं काम केलं म्हणायचा. अमेरिकन म्हातारे असं म्हणतातच, हे मलाही माहीत आहे. पण ज्याने सत्त्याहत्तर वर्षांत बहुतेक वेळ माल वाहिला, बदल्या सोसल्या आणि बाग राखली, त्याच्या तोंडी ते वाक्य मला विनयाचं वाटत नाही. हिशेब सांगितल्यासारखं वाटतं.

आपल्याकडे एक्क्याऐंशीच्या आसपास सहस्रचंद्रदर्शन करतात. आजोबांचं आम्ही केलं. ताटात तांदळावर चांदीचा चंद्र ठेवला होता, औक्षण झालं, सगळे पाया पडले. आणि पंगतीनंतर ते एकटेच छापखान्यातला ग्रुप फोटो घेऊन बसले. अकरा माणसं खुर्चीवर आणि मागे उभी. आजोबा प्रत्येकावर बोट ठेवत गेले. हा गेला, हा गेला, हा पुण्याला मुलाकडे असतो, नाही, तोही गेला. मला तेव्हा ते नुसतं म्हातारपण वाटलं होतं. कोलने बाराशेच्या वर पौर्णिमा पाहिल्या. आपण सप्तचिरंजीवांची नावं सकाळी घेतो आणि दीर्घायुष्य मागतो. त्या सातांत अश्वत्थामाही आहे, हे मागताना सोयीने विसरतो. कोल अश्वत्थामा नव्हता, त्याच्या कपाळी जखम नव्हती, मुलं-नातवंडं होती, डोकं शाबूत होतं. तरी ग्रुप फोटोत शेवटी एकट्याने उरणं हे नुसत्या आशीर्वादासारखं दिसत नाही.

ते पेले १९५९ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉन शहराने या मंडळींना भेट दिले. दरवर्षी मेळावा भरायचा, पेल्यांची पेटी बरोबर यायची, वर्षात गेलेल्यांचे पेले पालथे केले जायचे. सोबत कोन्याकची एक बाटली, १८९६ सालची, म्हणजे डूलिटलच्या जन्मवर्षाची. शेवटचे दोघे उरतील तेव्हा त्यांनी ती फोडायची असं ठरलं होतं. पण चौघे उरले तेव्हाच त्यांनी ठरवलं की आता वाट बघण्यात अर्थ नाही. मला हा निर्णय फार समजूतदार वाटतो. बाटली फोडायला दोघंच असतील आणि दोघांनाही ऐकू येत नसेल, तर काय मजा? ९ नोव्हेंबर २०१३ रोजी डेटनजवळच्या हवाई दलाच्या संग्रहालयात, कोल सायकल घेऊन जायचा त्या बांधापासून काही मैलांवर, त्याने बाटली उघडली. मोहिमेत गेलेल्यांसाठी आणि नंतर गेलेल्यांसाठी, असं दोन वाक्यांत म्हणाला आणि घोट घेतला. भाषण नाही.

पुढच्या तीन वर्षांत एडवर्ड सेलर, रॉबर्ट हाइट आणि डेव्हिड थॅचर गेले. एप्रिल २०१७ मध्ये, मोहिमेला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा, थॅचरचा पेला कोलने स्वतः पालथा घातला. त्यानंतर कपाटात सरळ पेला एकच होता, त्याचा. दोन वर्षं. ९ एप्रिल २०१९ ला सॅन अँटोनिओत तो गेला, वय १०३. स्मृतिसभा १८ एप्रिलला ठेवली होती, तारीख मुद्दाम तीच. त्या दिवशी तोही पेला पालथा झाला. आता ऐंशीच्या ऐंशी तसे आहेत आणि नावं सगळी सुलट वाचता येतात.

आजोबांचा पेला आईकडे आहे. तिने तो तांदळाच्या डब्यात टाकलाय, मापाला. पाच माणसांना दीड पेला. घासून घासून ठिपके बुजत आलेत, आडनावाचा शेवटचा काना तेवढा बोटाला लागतो. परवा फोनवर मी तिला म्हटलं, तो बाजूला काढून ठेव, दुसरा घे. ती म्हणाली, दुसऱ्याने अंदाज चुकतो.